वाचकांचे प्रश्न : फोर बाय फोर गाडीलाही बर्फात साखळी लागते का?

सातारा-सांगली भागात चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे फोर बाय फोर गाड्या आता गावोगावी दिसतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्या घेऊन मनाली किंवा काश्मीर गाठण्याचे बेत घरोघरी शिजतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पुष्कळ पत्रे बर्फाळ घाटात टायरला लावायच्या साखळीविषयी होती. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही नुकतीच फोर बाय फोर गाडी घेतली. डिसेंबरच्या अखेरीस मनालीहून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाण्याचा विचार आहे. फोर बाय फोरला साखळीची गरज नसते, असे गाडी देताना विक्रेत्याने सांगितले. ते खरे आहे का? (शाहूपुरी, सातारा)

विक्रेत्याचे म्हणणे नियमापुरते अर्धे खरे आहे, पण त्यावर विसंबून रस्त्यावर उतरणे धोक्याचे आहे.

आधी नियमाचे पाहू. बर्फातील साखळीसाठी आपल्याकडे देशभर लागू असा एकच नियम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करता येते. प्रत्यक्षात कोणती गाडी सोडायची आणि कोणती अडवायची, हे त्या दिवशीचा बर्फ पाहून स्थानिक प्रशासन आणि पोलीस ठरवतात. मनालीत हिमवृष्टी झाली की सोलंगच्या अलीकडेच गाड्या थांबवल्या जातात आणि पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या जाऊ देतात. बर्फ आणखी वाढला, तर त्याही परत फिरवल्या जातात. सकाळी मिळालेली मुभा दुपारी राहील याची शाश्वती नसते. त्यामुळे ‘फोर बाय फोरला सोडतात’ हे ऐकीव ज्ञान खोटे नाही, मात्र ती सवलत त्या दिवसापुरती आणि त्या रस्त्यापुरती असते.

आता रस्त्याचे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाल्यामुळे गाडी बर्फात जागची हलते आणि चढ चढते, आणि हा फायदा मोठा आहे यात शंका नाही. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. साध्या मोटारीलाही आणि तुमच्या गाडीलाही. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीवर, आणि ती पकड जोर किती चाकांना जातो यावर ठरत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या आसपास अंतर लागते, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी आणखी ११ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. वळणावरही तसेच आहे. नदीच्या शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवर माणूस कितीही ताकदवान असला तरी पाय घसरायचा तो घसरतोच, तशीच येथे इंजिनाची ताकद कामी येत नाही.

किंबहुना फोर बाय फोरचा खरा धोका तिच्या चढण्याच्या क्षमतेतच आहे. साधी मोटार बर्फात पहिल्याच चढावर चाके फिरवत उभी राहते आणि चालकाला निसरड्याची कल्पना येते. फोर बाय फोर मात्र काही जाणवू न देता वरपर्यंत नेते आणि पकड नाही हे उतारावर, पहिल्या ब्रेकला कळते. उतरताना हलक्या गियरचा, म्हणजे ‘फोर लो’चा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. इंजिनाचा अवरोध चारही चाकांवर सारखा वाटला जातो आणि ब्रेकवर फारसा पाय ठेवावा लागत नाही. तरीही पकडीची जी कमाल मर्यादा आहे ती गियरने वाढत नाही. ती वाढवायची असेल, तर टायर बदलावे लागतात किंवा टायरवर लोखंड चढवावे लागते.

तुमच्या मार्गाविषयी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब असून तो समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून सगळी वाहतूक या बोगद्यातून होते. आतला रस्ता बर्फापासून सुरक्षित असल्याने चालक निर्धास्त होऊन वेग घेतात आणि तोंडाशी येताच चाके थेट गोठलेल्या रस्त्यावर पडतात. तेथे ब्रेक दाबणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण. वेग आतच, तोंड दिसू लागताच उतरवावा. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान अचानक झालेल्या हिमवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या होत्या. अशा वेळी एक गाडी आडवी झाली की मागची सगळी रांग उभी राहते, मग त्या रांगेतील तुमची गाडी कितीही समर्थ असो.

तेव्हा साखळीची एक जोडी साताऱ्याहून निघतानाच गाडीत असू द्या. पोलिसांनी विचारली नाही तरी असू द्या.

प्रश्न : आमचे भाऊबंद गलाईच्या व्यवसायानिमित्त जम्मूला असतात. जानेवारीत तेथून आमच्याच गाडीने श्रीनगर आणि गुलमर्गला जायचे आहे. गाडी फोर बाय फोर आहे. साखळीची एकच जोडी घेतली तर ती पुढच्या चाकांना लावावी की मागच्या? आणि ती लावायची कशी? (विटा, जि. सांगली)

टंगमर्ग ते गुलमर्ग हा चढाचा, वळणावळणाचा रस्ता आहे, आणि बर्फ पडल्यावर तेथे फोर बाय फोर गाड्या अथवा घसरणरोधक साखळी लावलेल्या गाड्या यांनाच सोडण्याचा आदेश वाहतूक पोलीस काढतात. टंगमर्गला साखळी भाड्याने लावून देणारे लोक भेटतात. त्यांचे कौशल्य मी नाकारत नाही, पण घाईगर्दीत जवळच्या मापाची साखळी चढवून दिली जाण्याची शक्यता असते. सैल साखळी तुटली की चाकाच्या कमानीत आपटत फिरते आणि आतील ब्रेकची नळी किंवा सेन्सरची तार तोडू शकते. म्हणून साखळी स्वतःचीच, आणि टायरच्या बगलेवर छापलेल्या मापाशी तंतोतंत जुळणारी घ्यावी. ते माप २६५/६० आर १८ अशा पद्धतीचे असते. यातील एखादा आकडा वेगळा असला तर साखळी दुसरी लागू शकते. गाडीला मूळचे टायर काढून रुंद टायर बसवले असतील, तर साखळीसाठी आत जागा उरते का, हे आधी तपासून घ्या.

पुढे की मागे, याचे सर्वांत चांगले उत्तर चारही चाकांना हे आहे. फोर बाय फोरला दोन जोड्या लावल्या की चढणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे सारख्या पकडीने होतात. एकच जोडी असेल तर गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा आणि तिच्यात सांगितले असेल तेच करा, कारण काही गाड्यांत पुढच्या चाकांमागे साखळीला पुरेशी जागा नसते, तर काहींत मागे नसते, आणि हे बाहेरून पाहून कळत नाही. मात्र एका जोडीचे परिणाम माहीत असावेत. साखळी फक्त पुढे असेल, तर उतारावर पुढची चाके धरतात आणि मागचा भाग बाजूला झुकत गाडी गोल फिरू पाहते. ती फक्त मागे असेल, तर गाडी चढते छान, पण वळणावर स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जात राहते. दोन्ही परिस्थितींत उपाय एकच, तो म्हणजे वेग अत्यंत कमी ठेवणे.

आता लावण्याविषयी. हे काम पहिल्यांदा बर्फात करू नये. विट्यात, घरासमोरच्या सपाट जागेत, दिवसाउजेडी एकदा करून पाहावे आणि मग अंधारात टॉर्च धरून पुन्हा एकदा करावे. साखळी जमिनीवर पसरून सर्व पीळ काढा. कड्यांचे टोकदार किंवा उंच अंग बाहेर, म्हणजे रस्त्याकडे आले पाहिजे. ते आत राहिले तर टायरच्या रबराला चिरा पडतात. हँडब्रेक ओढून, गाडी गियरमध्ये ठेवून साखळी चाकावरून पांघरा, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवा आणि नंतर बाहेरचा. हाच भाग सगळ्यांना अवघड जातो, कारण आतला आकडा डोळ्यांना दिसत नाही आणि तो हाताला चाचपूनच शोधावा लागतो. गारठलेल्या बोटांनी हे जमत नाही, म्हणून पातळ रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घालायला एखादे जुने पोते सोबत ठेवावे. शेवटी ताण देणारी दोरी किंवा रबर ओढून बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून साखळी कोठे घासत नाही ना ते पाहा आणि गाडी शंभरेक मीटर सावकाश चालवून थांबा. साखळी तोपर्यंत बसून सैल झालेली असते. ती पुन्हा आवळावी लागते. पुष्कळ जण ही दुसरी आवळणी टाळतात, आणि साखळ्या तुटतात त्या बहुतेक याच कारणाने.

बसवण्यासाठी टायरमधील हवा कमी करू नका. आणि साखळी बर्फाच्या आधी, सपाट व रुंद जागी लावा. चढावर अडकल्यावर लावायला बसलात, तर मागून घसरत येणाऱ्या गाडीसमोर तुम्ही रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले असता.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत सॅक्रामेंटोला आहे. आम्ही जानेवारीत त्याच्याकडे जाणार असून सगळे मिळून लेक टाहोला जाऊ. तेथे रस्त्यावर ‘आर-२’ अशी पाटी लागते, असे तो म्हणतो. त्याची गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे. तिला साखळी लागेल का? (कराड)

कॅलिफोर्नियात हा नियम पायऱ्या पाडून ठेवलेला आहे, आणि तो आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. ‘आर-१’ असताना साखळी सर्वांना लागू असते, पण ६,००० पौंडांच्या आतील मोटारींना, जोर मिळणाऱ्या किमान दोन चाकांना बर्फाचे टायर असल्यास, ती न लावता जाता येते. ‘आर-२’ असताना ही सूट फक्त फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना उरते, आणि तीही चारही टायर बर्फाच्या नक्षीचे असतील तरच. ‘आर-३’ लागला की सूट कोणालाही नाही. मात्र परिस्थिती तेथवर जाण्याआधीच रस्ता बहुधा बंद केला जातो.

तुमच्या मुलाच्या दृष्टीने यातील दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पहिली, टायरच्या बगलेवर ‘एम+एस’ ही अक्षरे किंवा तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह हवे, आणि नक्षीची खोली किमान ६/३२ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर हवी. टायर बदलण्याची वेळ झाली हे सांगणारी खूण १.६ मिलिमीटरवर असते, हे लक्षात घेतले म्हणजे कळेल की एरवी चांगला वाटणारा टायर या घाटात अपात्र ठरू शकतो. दुसरी अट लोक हमखास विसरतात : साखळी लावण्यापासून सूट मिळाली तरी ती गाडीत बाळगण्यापासून मिळत नाही. साखळी नियंत्रणाच्या टप्प्यात शिरणाऱ्या फोर बाय फोरमध्येही तिच्या मापाची साखळी असावीच लागते, आणि तपासनाक्यावर ती दाखवायला सांगू शकतात.

सॅक्रामेंटोहून टाहोला जाण्याचे मुख्य मार्ग दोन : डॉनर खिंडीकडून जाणारा आंतरराज्य महामार्ग ८० आणि ७,३८२ फूट उंचीच्या एको समिटवरून जाणारा महामार्ग ५०. नियंत्रण लागू असताना वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैल, म्हणजे सुमारे ४० ते ४८ किलोमीटर असते. पाटी दिसल्यापासून तपासनाक्यापर्यंत साधारण मैलभर अंतर मिळते. त्या टप्प्यात उजव्या बाजूला कडेची रुंद जागा पाहून, रहदारीपासून पूर्ण बाहेर येऊन साखळी लावायची असते. गाडी भाड्याची घेणार असाल, तर करारपत्र आधी वाचा, कारण पुष्कळ भाडेकरारांत साखळी लावण्यास मनाई असते.

अमेरिकेच्या इतर राज्यांत तपशील बदलतात. कोलोरॅडोत महामार्ग ७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात फोर बाय फोरलाही नक्षीच्या खोलीची अट आहे. युरोपात जाणाऱ्यांनी निळ्या वर्तुळातील साखळीवेष्टित टायरचे चिन्ह ओळखून ठेवावे. त्या पाटीपुढे साखळी लावणे बंधनकारक असते, आणि जर्मनीत साखळी लावलेल्या गाडीला ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेग घेता येत नाही. फ्रान्सने १ नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळासाठी हिवाळी टायर किंवा साखळी सक्तीची केली आहे.

हे सगळे नियम शेजारी ठेवून वाचले की त्यांच्यामागचा विचार एकच असल्याचे दिसते. त्यात फोर बाय फोरला सवलत आहे, पण ती टायर पाहून दिलेली आहे. आपल्याकडे नाक्यावर गाडीच्या पाठीवरचे ‘४×४’ हे चिन्ह पाहिले जाते, टायर क्वचितच पाहिले जातात. ही उणीव भरून निघायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळी रबराचे, निम्मे झिजलेले टायर ७ अंश सेल्सिअसखाली कडक होत जातात, आणि तशा टायरवरची फोर बाय फोर ही चांगल्या हिवाळी टायरवरच्या साध्या मोटारीपेक्षा उतारावर अधिक धोकादायक असते.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालेला चालक आहे. लडाखला असताना आम्ही फोर बाय फोर ट्रकलाही साखळ्या चढवूनच खिंडी पार केल्या. आता बाजारात प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कापडी मोजे मिळतात. त्यांवर विश्वास ठेवावा का? (अपशिंगे, ता. सातारा)

आपल्यासारख्यांचा अनुभव हाच या विषयातील खरा आधार आहे, आणि तो लिहून कळवल्याबद्दल आभारी आहोत. खार्दुंग ला सारख्या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीत आजही हिमवृष्टीनंतर चारही चाकांचा जोर आणि साखळी यांची एकत्र मागणी होते, ती उगाच नव्हे.

कापडी आवरणे बसवायला सोपी असतात आणि ताज्या, मऊ बर्फावर चांगली चालतात. युरोपात त्यांना लागू असे मानकही आहे. परंतु उघड्या डांबरावर ती लवकर फाटतात, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर लोखंडी कडी जशी रुतते तशी ती रुतत नाहीत. जेथे साखळीची जागा कमी आहे अशा गाडीसाठी ती ठीक आहेत. प्लास्टिकच्या सुट्या पट्ट्यांविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे : चिखलात रुतलेली गाडी चार हात पुढे काढण्यापुरत्या त्या उपयोगी पडतील, पण घाट उतरायला त्यांवर विसंबू नये.

लोखंडी साखळीला एक पथ्य आहे, आणि ते आपण सैन्यात पाळले असेल. बर्फ संपून काळा रस्ता लागला की ती उतरवलीच पाहिजे. डांबरावर साखळी टायर आणि रस्ता दोन्ही खाते, स्वतःही तुटते, आणि कोरड्या रस्त्यावर लोखंडामुळे पकड उलट कमी होते. घरी आल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा हात देऊन ठेवावी.

प्रश्न : माझी गाडी ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ आहे, पण तिला हलक्या गियरचा दांडा नाही. नाक्यावर ती फोर बाय फोर मानतात का? (मिरज)

कागदावर जोर चारही चाकांना जातो, त्यामुळे पुष्कळदा मानतात. न मानल्यास हुज्जत घालू नये, कारण निर्णय नाक्यावरील अधिकाऱ्याचा असतो. अशा गाडीत एरवी जोर मुख्यतः पुढच्या चाकांना मिळतो आणि ती फिरू लागल्यावर मागच्यांकडे वळतो. उतरण्यासाठी हलका गियर नसल्याने तुम्हाला साखळीची गरज इतरांहून जास्त आहे. ज्यांच्या गाडीत ‘टू हाय, फोर हाय, फोर लो’ (दोन चाकांना जोर, चारही चाकांना जोर, चारही चाकांना हलक्या गियरचा जोर) असा दांडा किंवा कळ आहे, त्यांनी उलट काळजी घ्यावी : कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळणे घेतल्यास पुढचा आणि मागचा आस एकमेकांना ओढतात आणि गियरपेटीवर ताण येतो. पसरणीच्या किंवा खंबाटकीच्या घाटात त्याची मुळीच गरज नाही.

प्रश्न : बर्फात रात्रभर अडकलो तर काय करावे? (तासगाव)

गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे असेल, तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ हातांनी पूर्ण काढा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक माणसे दगावली, आणि बंद गाडीत साठलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यामागचे एक कारण मानले गेले. या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपेत काही कळत नाही. बर्फ पडत राहिला तर सायलेन्सर पुन्हा बुजतो, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून पाहावे लागते.

गाडी उभी करून रात्र काढायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका; तो ओला असल्यास गोठून अडकतो. सपाट जागा पाहून गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकांना दगडाचे अडसर लावा. डिझेल गाडीवाल्यांनी टाकीत आपल्याकडून भरलेले इंधन संपवून थंड प्रदेशातच टाकी भरावी, कारण आपल्याकडचे डिझेल कडाक्याच्या थंडीत दाट होऊन फिल्टरमध्ये अडकते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याच अडचणीमुळे. घोंगडी, पाणी, दोन दिवस पुरेल इतका कोरडा खाऊ आणि लहान फावडे एवढे सामान साखळीच्या पिशवीशेजारीच ठेवा, म्हणजे अंधारात ते शोधावे लागणार नाही.